गिळलेली ओळ

शेवटची ओळ धनीरामनं गिळली.

ओठ हलवले, निंबाचा डहाळा भैय्यालालच्या पायावरून फिरवून जमिनीवर आपटला, पण ओळ काही उच्चारली नाही. अर्धवट मंत्रानं विष उतरत नाही, उलट चढतं, असं त्याच्या गुरूनं बजावून ठेवलं होतं. ते बजावणं आज कामाला आलं. भोवती गिरणीतले हमाल, शेजारीपाजारी आणि भैय्यालालची बायको रत्नाबाई हात जोडून उभे होते. कोणाला काही कळलं नाही. कळणार तरी कसं? सापाचा मंत्र सिहोऱ्याच्या आसपास दुसऱ्या कोणाला येतच नव्हता.

भैय्यालाल धानाच्या गिरणीचा मालक. दुपारी पोत्यांमागे त्याला नाग डसला. जीप होती, पण नाल्याला पूर आलेला आणि तुमसरचा दवाखाना पलीकडे. मग धनीरामला बोलावणं गेलं. मंत्र जाणणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. बातमी कानावर आली की भरल्या ताटावरून उठायचं, वैऱ्याचं घर असलं तरी जायचं, तिथलं पाणीही प्यायचं नाही. धनीराम उठला तो खुशीतच. ज्या दिवसाची त्यानं इतकी वर्षं वाट पाहिली, तो दिवस आयता चालून आला होता.

या वैराचं कारण अख्ख्या गावाला पाठ होतं. धनीरामचा एकुलता एक मुलगा श्रावण सापानंच गेला होता. धानाच्या राखणीला मायबाप आणि पोरगा शेतावरच्या झोपडीत राहत होते, तेव्हा. भैय्यालालला निरोप गेला होता. 'त्याची जीप वेळेवर आली असती तं पोरगा हाती लागला असता,' असं धनीराम चावडीवर सांगे, लग्नात सांगे, मयतीत सांगे. भैय्यालालनं कधी उलटून उत्तर दिलं नाही. 'चोर कायले बोलन?' असं वर धनीरामच म्हणे.

त्यानं डूख धरला होता आणि तो लपवतही नव्हता. दुसऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही, पण आपलं मन आपल्याला तळापर्यंत दिसतं, अशी त्याची खात्री होती. त्या तळाशी भैय्यालाल होता. दुसरं कोणी नव्हतं.

"भाऊ, वाचतीन ना हे?" रत्नाबाईनं विचारलं.

"मंतर झाला. आता त्याहिचं नशीब," धनीराम म्हणाला आणि ओट्यावर जाऊन बसला.

घरातून रडारड कधी उठते, याकडे त्याचे कान लागले होते. रत्नाबाईच्या बांगड्या फुटतील, गिरणीला कुलूप लागेल. हे सगळं तो मनातल्या मनात श्रावणला दाखवत होता. त्याला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं.

दिवस कलता कलता भैय्यालाल उठून बसला आणि त्यानं चहा मागितला.

मग एकच गलका झाला. रत्नाबाईनं धनीरामच्या पायांवर डोकं ठेवलं. हमालांनी जयजयकार केला. भैय्यालाल त्याचा हात सोडीना. "धनीरामभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू मी?" म्हणत तो लहान पोरासारखा रडला. धनीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात हिसकावून घेऊन तो चिखल तुडवत घरी आला.

त्याची बायको धुरपता सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"वाचला हरामखोर," तो उंबऱ्यातूनच ओरडला. "शेवटची ओळ गिळली मी. मराले पाहिजे होता. तरी वाचला! देवबी पैशेवाल्याचाच."

धुरपताचा हात थांबला. तिनं वर पाहिलं.

"अन् आपल्या श्रावणवर?" तिनं विचारलं. "त्याच्यावर तं पुरा म्हणला होता ना?"

"पुरा म्हणला! तीन खेपा म्हणला. एक अक्षर..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. अर्ध्या मंत्रानं माणूस वाचला होता. पुऱ्या मंत्रानं पोरगा गेला होता. तो तिथंच खाली बसला.

"जीप आली असती तं..." तो पुटपुटला. पण हे वाक्य आज नेहमीसारखं पुढं सरकेना.

"जीप बांधावर उभी होती," धुरपता म्हणाली. "तुमचा मंतर सुरू व्हाच्या आधीच आली होती. भैय्यालालभाऊ दारात हात जोडून म्हणून राहिले होते, पोराले उचलू द्या. तुमीच म्हणले, मंतर चालू असता रोग्याले हालवता येत नाही. तीन खेपा होऊ द्या, म्हणले."

धनीरामला आठवलं. आठवलं म्हणणंही खरं नव्हे. मंत्र म्हणताना झोपडीत आलेला पेट्रोलचा वास, बाहेर चालू असलेलं इंजिन, दारातला माणूस, सगळं त्याच्याजवळच होतं. आपण ते कुठं पुरून ठेवलं, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या जागेवर त्यानं भैय्यालालला उभं केलं होतं, इतकी वर्षं, एकदाही खाली न पाहता.

तो ओक्साबोक्शी रडू लागला.

"तुले सारं ठाऊक होतं," तो म्हणाला. "मंग इतके दिवस बोलली काहून नाहीस?"

धुरपतानं सूप बाजूला ठेवलं. तिचे डोळे कोरडे होते.

"बोलली असती तं तुमी असेच रडले असते," ती म्हणाली. "अन् मंग मले तुमाले माफ करा लागलं असतं."