सात मिनिटांचा प्रकाश

कोनमापक फोटोवर ठेवून आरेखकानं सावलीचा कोन मोजला, वहीत लिहिला आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून आजूबाजूला बघितलं. फोटो चष्मेवाल्याचा होता. दुसऱ्याच्या फोटोकडे इतका वेळ बघणं आरेखकाच्या स्वभावात नव्हतं; पण मास्तरांनी काम नेमून दिलं होतं.

छायाचित्र मंडळ दर रविवारी सकाळी भरायचं. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. प्रत्येकानं एका छायाचित्रकाराचा अभ्यास करायचा, असं त्यांनी यंदा फर्मान काढलं. "फोटोत काय आहे ते बघायचंच नाही," ते म्हणाले. "ते शेंबडं पोरही बघतं. तुम्ही रेषा बघा, आकार बघा, पोत बघा, प्रकाश कुठून आला ते बघा." चिठ्ठ्या टाकल्या आणि आरेखकाच्या वाट्याला नेमका चष्मेवाला आला.

आरेखक मोजणी कचेरीत नकाशे काढायचा. मंडळाचा करंडक पाच वर्षं त्याच्या घरी होता. बायको त्यात शिवणाच्या कात्र्या ठेवायची. गेल्या वर्षी तो चष्मेवाल्यानं नेला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवणाऱ्या आणि कॅमेरा घेऊन जेमतेम वर्ष झालेल्या माणसानं. तेव्हापासून आरेखकाला अन्न गोड लागत नव्हतं.

चष्मेवाल्याचे सगळे फोटो एकाच खोलीतले होते. पांढऱ्या भिंतीवर खिडकीच्या गजांच्या तिरप्या सावल्या. चुरगळलेली चादर. आणि एका फोटोत एक मोठी गुळगुळीत वक्ररेषा, तिच्यावरून गेलेली एक सावली. ही वक्ररेषा कशाची, यावर मंडळात वाद झाला. कोणी वाळूची टेकडी म्हणालं, कोणी भोपळा. आरेखकानं वक्रता मोजून तो मातीचा माठ असल्याचं सिद्ध केलं. उजवीकडे एक काळा ठिपका होता, तोही त्यानं सोडला नाही.

"लेन्सवर धूळ बसलीय तुझ्या," तो म्हणाला.

"असू दे," चष्मेवाला म्हणाला. "मला आवडतो तो."

माजला आहे, असं आरेखकानं वहीत 'पोत' या सदराखाली लिहिलं.

खोली कुठली, हे मात्र चष्मेवाला सांगेना. "जागा माझी नाही, एका मित्राची आहे," एवढंच. "आणि जागेचं काय घेऊन बसलास? प्रकाश सातच मिनिटं असतो. वेळेवर पोचायचं, बास."

एरवी माणूस गरीब गाय. मंडळाच्या सहलीत आरेखकाच्या बायकोशी बोलताना "वहिनी, तुम्ही बसा; वहिनी, तुम्ही घ्या" यापलीकडे त्याची जीभ वळली नव्हती आणि नजर तिच्या चपलांवरून वर सरकली नव्हती. असल्या भिडस्त माणसानं आपल्याला हरवावं, हे आरेखकाला जास्त झोंबत होतं.

घरी त्यानं फोटोंच्या प्रती जेवणाच्या टेबलावर पसरल्या. बायको भाजीचं पातेलं हातात धरून बराच वेळ बघत राहिली.

"तुम्हाला काय दिसतं यात?" तिनं विचारलं.

"पोत," तो म्हणाला. "आणि लबाडी. खोली लपवतोय लेकाचा."

तिनं फोटो पालथे घातले आणि ताटं मांडली. बायको समजूतदार होती. बेडरूमच्या खिडकीचं काम करून घ्या, म्हणून तिनं पूर्वी त्याचं डोकं खाल्लं होतं. पण वर्षभरात तिनं विषय काढला नव्हता. संसार मुरला की असं होतं.

प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं. ती खिडकी शोधायची, तिथंच फोटो काढायचा आणि चष्मेवाल्यापेक्षा सरस काढायचा, असं आरेखकानं ठरवलं. कोनांवरून हिशेब निघाला. खिडकी पूर्वेची, मजला दुसरा, समोर इमारत नाही, वेळ सव्वादहाची. चष्म्याचं दुकान मंगळवारी बंद, म्हणजे वार मंगळवार. गज सहा, त्यातला पाचवा वाकलेला. "नक्षी मोडावी तर अशी," असं मास्तर त्या गजाविषयी डोळे मिटून म्हणाले होते.

आरेखकानं ओळखीची एकूण एक घरं पालथी घातली. मेहुण्याकडे जाऊन खिडकीचे गज मोजले, तर मेहुण्यानं दुसऱ्याच दिवशी दाराचं कुलूप बदललं.

शेवटी एका मंगळवारी त्यानं रजा टाकली. घरी सांगितलं नाही, उगाच चौकशा. नेहमीसारखा नऊला डबा घेऊन निघाला, डब्याखाली कॅमेरा. तासभर मान वर करून गल्ल्या तुडवल्यावर लक्षात आलं की कोनमापक घरीच राहिला.

दाराला कुलूप होतं. बायको दोरे आणायला गेली असणार. स्वतःच्या किल्लीनं दार उघडून त्यानं ते आतून लोटून घेतलं आणि तो बेडरूममध्ये शिरला. ही खोली त्याला सकाळच्या घाईत आणि रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये चांगली ठाऊक होती. मंगळवारी सव्वादहाला तो तिथं लग्नानंतर पहिल्यांदाच उभा होता.

भिंतीवर सहा तिरप्या रेषा पडल्या होत्या. पाचवी वाकलेली. कपाट वर चढवताना तो गज आपणच वाकवला होता, हेही त्याला आठवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षभरात पहिल्यांदा त्याला चष्मेवाल्याची कीव आली. त्यानं कॅमेरा काढला, चादर जराशी चुरगळली, दोन पावलं मागे जाऊन चौकट लावली. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त तो माठ तेवढा खोलीत कुठं दिसेना.

तो पलंगाखाली वाकून माठ शोधत असताना जिन्यावर बायकोचं हसू ऐकू आलं, आणि मागोमाग चष्मेवाल्याचा आवाज, "उघड गं लवकर, सातच मिनिटं असतात."