सातचा आकडा

धरणाच्या फाटकाशी पाणी मागायला आलेला जमाव पुढे सरकला, तसं पोलिसांच्या गाडीत बसलेल्या निरीक्षक धायगुड्यांनी भोंग्याचं बटण दाबलं. हा आवाज ऐकू यायचा नाही, थेट छातीवर आदळायचा. सात ठोक्यांत माणूस गुडघ्यांवर यायचा आणि भोंगा आपोआप थांबायचा. ठोके मोजणारा काउंटर त्यांच्या शेजारी बसलेल्या तंत्रज्ञ शर्वरी सबनीसने संगणकाच्या पडद्यावर आज्ञांच्या चौकटी रेषांनी जोडून बनवला होता. आकडा बरोबर सात झाला की भोंगा बंद आणि आकडा पुन्हा शून्य.

सहाव्या ठोक्याला कुणी वाकेना, म्हणून धायगुड्यांनी चिडून बटण पुन्हा दाबलं. चालू ठोका आणि नव्या दाबाचा ठोका एकदम मोजले गेले आणि आकडा सहावरून थेट आठवर गेला.

"साहेब, सात आलाच नाही! आता हा थांबणार नाही!" शर्वरी ओरडली.

नऊ. दहा. समोरच्या एका बाईच्या कानांतून रक्त आलं. तिला सावरणारा माणूस रक्त ओकत तिच्यावरच कोसळला. शर्वरीने सगळी बटणं दाबून पाहिली, पण यंत्र दाद देईना. शेवटी तिने दाराशी अडकवलेली कुऱ्हाड ओढून भोंग्याची केबल तोडली.

बाहेर माणसं पडली होती. काही हलत नव्हती.

"दुरुस्तीला किती वेळ?" धायगुड्यांनी विचारलं. "मागच्या फाटकावरचा जमाव बाकी आहे."

केबल जोडायची आणि काउंटरमध्ये 'सात'च्या जागी 'सात किंवा जास्त' लिहायचं, दहा मिनिटांचं काम होतं.

"नाही होणार," म्हणत तिने कुऱ्हाड यंत्रावर घातली. धायगुड्यांनी तिचा उजवा हात पिरगळला. हाड कडकन मोडलं.

तिने कुऱ्हाड डाव्या हातात घेतली.