शेपट्यांचा हिशेब

पोलीस जमादार काठीच्या टोकानं शेपट्या मोजत होता.

किन्हीराजा गावच्या जानराव पाटलाच्या गोठ्यात, बैलांच्या डोक्यावरच्या तुळईला रानडुकरांच्या वाळलेल्या शेपट्या ओळीनं ठोकलेल्या होत्या. एक खिळा, एक शेपटी. अगदी टोकाचा खिळा तेवढा रिकामा होता. जमादारानं तो सोडून दिला.

दारात लमाणांच्या तांड्यावरची गोमतीबाई उभी होती. तिच्या नवऱ्याला, देवलाला, सकाळीच बैलगाडीत घालून वाशीमच्या दवाखान्यात नेलं होतं. मांडीत पाटलाच्या बंदुकीचे छर्रे. गाडीत बसायचं सोडून ती उलट्या वाटेनं इथं आली होती. तिला एक गोष्ट पाहायची होती आणि एक विचारायची होती.

पाहायची ती समोरच दिसली. दोन वर्षं सगळा तांडा डोकं खाजवत होता, की पाटील शेपट्यांचं करतो तरी काय? देवला कुत्री आणि भाला घेऊन डुक्कर मारायचा. मटण तांड्याचं, शेपटी पाटलाची. एका शेपटीला पायलीभर तूर. बुडाला भरतकामाचा लाल दोरा बांधून गोमतीबाई ती शेपटी चुलीवरच्या धुरात वाळवायची. "भाजून खात असन," कुणी म्हणायचं. "मिशीले जोडत असन," तांड्यातला रूपला म्हणायचा आणि बाया लोळून हसायच्या.

खात नव्हता. मिशीलाच जोडत होता म्हणायचं.

"बराबर," जमादार म्हणाला. "कालचं सोडलं तं जितकी काडतुसं उडाली तितक्या शेपट्या. असा हिसाब म्या कुठीच नाही पाह्यला, पाटील. एकबी बार वाया नाही?"

पिकाच्या राखणीला सरकारातून काडतुसं मिळत, ती मोजून. उडालेल्या काडतुसामागं शेपटी दाखवा, नाहीतर बार हुकला म्हणून सांगा. एवढं साधं होतं. पण हुकला म्हणायला माणसाला लाज गिळावी लागते, आणि जानरावनं आजवर दुसऱ्यांच्या मेहनतीशिवाय काही गिळलं नव्हतं.

"अन् मंग काल कसा हुकला?" जमादारानं काठी खाली टेकवली. "तुमी म्हनता, ज्वारीत डुक्कर होतं, त्याच्यावर बार केला. डुक्कर निंघून गेलं आन् धुऱ्यावरचा मानूस पडला. ह्या शेपट्या म्हनतात, तुमी चुकतच नाही. दोनातलं एक खोटं हाय. नेम हुकला असन तं अपघात. मानसावर धरला असन तं चला माह्यासंगं."

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. जानरावनं उपरण्यानं मान पुसली.

जमादारानं एका शेपटीच्या बुडाशी बोट नेलं. "हा लाल दोरा कायचा? बाई, तुह्या ओढनीलेबी असाच दिसून राह्यला."

कालपर्यंत जानराव तिला 'ए लमानीन' म्हणायचा. आज त्याच्या तोंडात एकदम साखर आली. "सांग ना, गोमतीबाई. सांगून टाक यायले. तुले तं सारं ठाऊक हाय."

गोमतीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. म्हणजे याच्या बंदुकीनं कधी डुक्कर पाडलंच नाही, हे तिनं सांगायचं. तिच्या तोंडानं हा सुटणार होता.

"सांगतो," ती म्हणाली. "पन पयले मले एक सांगा, पाटील. मेडशीच्या बाजारात माह्या मालकानं तुमची मस्करी केली. 'पाटलाच्या बंदुकीचे छर्रे म्हंजे माही कुत्री.' सारा बाजार हासला. तुमच्या कानावर आलं व्हतं?"

"कोन काय बोलते, मी ध्यान नाही देत."

"काल बार केला तो डुकराकडं पाहून, का त्याच्याकडं पाहून?"

"डुकराकडं! बैलाची आन."

"मंग तुमचा नेम हुकला."

जानरावनं दाराकडं पाहिलं.

"हुकला म्हना. बाहीरच्यायले आयकू जाईन असं म्हना. मंग मी दोऱ्याचं सांगतो."

जानरावनं तोंड उघडलं. दाराबाहेर भावकीतला रामकिसन टाचा उंचावून ऐकत होता, आणि त्याच्या मिशीखाली हसू आत्ताच तयार होऊन बसलं होतं. जानरावचं तोंड मिटलं. असल्या माणसाला बेडी चालते, हसू चालत नाही.

एका बैलानं शेपटी उडवून माशा हाकलल्या.

"बोला, पाटील. हुकला का?" जमादारानं विचारलं.

"माहा नेम..." जानराव म्हणाला, आणि पुढचा शब्द काही केल्या येईना.

"बाई, तू सांग. दोरा कायचा?"

"मले काय ठाऊक, साहेब," गोमतीबाई म्हणाली. "पाटील मोठे नेमबाज हायत. साऱ्या गावाले ठाऊक हाय."

ती घागरा सावरत दोन बैलांच्या मधून आत शिरली. तुळईच्या टोकाशी जाऊन तिनं मान वर केली. बाकीचे खिळे गोठ्याच्या वाफेनं गंजून काळे पडले होते. टोकाचा रिकामा खिळा कोरा होता, चकचकीत.

"साहेब," ती म्हणाली, "काल डुक्कर तं निंघून गेलं. मंग हा नवा खिळा कोनासाठी ठोकला, तेवढं इचारा यायले. माह्या मालकाले तं शेपटी नाही."