रसायनमुक्त सरबत

"अहो, चिमूटभर सोडियम बेंझोएट घालू द्या. बचत गटाच्या वर्गात शिकवलंय, त्यानं सरबत आंबत नाही," जांभळाच्या रसात साखर ढवळत शालननं विनवलं.

व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष असलेले तिचे यजमान कडाडले. "मेळाव्यात लोकांना रसायनं पाजू? जमणार नाही." तिनं रस तसाच बरण्यांत भरून ठेवला.

पंधरा दिवसांनी मेळाव्यात झाकणं उघडली, तर वर फेस दाटलेला. "बघा, जिवंत अन्न असंच उसळतं," अध्यक्षांनी कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या पेल्यानंतर खजिनदार गाऊ लागले. तिसऱ्यानंतर अध्यक्षांनी सरपंचांना मिठी मारून बांधाचं जुनं भांडण तिथंच मिटवलं. शालन पदराआड हसू दाबत होती.

मग तिची नजर दौलतवर गेली. दारू सोडल्याबद्दल आज त्याचाच सत्कार होता. त्यानं पेला नाकाशी नेला आणि न पिताच बाजूला सरकवला. शालनचं हसू विरलं.

"का रे, आमचं सरबत आवडत नाही?" अध्यक्षांनी जड जिभेनं विचारलं.

"लई आवडायचं, सर," दौलत हात जोडून म्हणाला. "म्हणून तर सोडलं."