खिळ्यावरचा बिल्ला

रूपानं पप्पांच्या हातातला पेन काढून घेतला. "सही करायची नाय."

कागद बद्रीनाथ शेठनं पाठवला होता. तिचे पप्पा, इंद्रजीत, नऊ वर्षं त्याच्याकडं कामाला होते. कागदावर लिहिलं होतं, की गेल्या तीन महिन्यांत इंद्रजीतच्या बिल्ल्यावर मर्यादेच्या कितीतरी पट गॅमा किरणं नोंदली गेली आहेत. तो नियम मोडून सोर्सच्या जवळ गेला. चूक त्याची एकट्याची. सही करायची आणि घरी बसायचं. परत कामावर कधी घेणार, याबद्दल एक अक्षर नाही.

रूपाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बारावी सायन्सला होती आणि रेडिएशनचा धडा तिला पुस्तक मिटून म्हणता यायचा. अल्फा किरणं साध्या कागदानं अडतात. बीटाला ॲल्युमिनियमचा पत्रा पुरतो. गॅमा मात्र लोखंडातूनसुद्धा आरपार जातात, आणि पप्पांचं काम नेमकं त्यांच्याशीच. वाळूजच्या कारखान्यांत टाक्या बनतात, पाइप बनतात. त्यांच्या वेल्डिंगच्या एका बाजूला इरिडियमचा ज्वारीएवढा दाणा आणायचा. तोच सोर्स, किरणं त्यातूनच निघतात. दुसऱ्या बाजूला फिल्म लावायची. जोडात कुठं चीर असली की फिल्मवर उमटते. दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात ना, तसाच हा लोखंडाचा. काम झालं की दाणा परत जड पेटीत. पेटी बंद असली तरी थोडं थोडं बाहेर येतच राहतं, म्हणून ती माणसांपासून लांब, गोडाऊनमधल्या खड्ड्यात ठेवायची असते. किती किरणं अंगावर आली ते मोजायला छातीवर प्लास्टिकचा बिल्ला. या सगळ्यावर रूपानं कॉलेजात भाषण ठोकलं होतं. टाळ्याही घेतल्या होत्या.

आणि नऊ वर्षं असलं काम करणाऱ्या पप्पांना हे निष्काळजी म्हणणार?

इंद्रजीतनं खाली बघत सांगितलं, की तो बिल्ला लावतच नाही. दोन वर्षांपूर्वी सोबत काम करणाऱ्या फकिराचा बिल्ला जास्त भरला, तर दुसऱ्या दिवसापासून शेठनं त्याला गेटच्या आत घेतलं नाही. तेव्हापासून सगळेच बिल्ला काढून ठेवतात. इंद्रजीत तो घरीच ठेवायचा, कॉटच्या वर, मागच्या भिंतीच्या खिळ्याला. तीन महिने झाले की तपासायला द्यायचा, नवा आणून तिथंच अडकवायचा.

आई म्हणाली, खरंय, त्याच्यावरची धूळ मीच पुसते.

रूपा आधी पप्पांवरच भडकली. छातीला लावायची वस्तू भिंतीला लावतात का? पण बोलता बोलता तिचा चेहरा उजळला. अरे, मग तर आपण सुटलोच. जो बिल्ला कामावर गेलाच नाही, त्याच्यावर कामाची किरणं येतीलच कशी? रिपोर्टच खोटा.

तिनं शेठला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शेठ आधी हसला. बारावीची पोरगी आता मला धंदा शिकवणार व्हय, म्हणाला. रूपानं त्याला सोडलं नाही. फकिराचं काढलं. वरच्या ऑफिसात तक्रार करीन म्हणाली. घाबरून सह्या करणारी माणसं तुम्हाला सापडली म्हणून माजलात, हेही म्हणाली. आई हातातली भाजी तशीच धरून ऐकत राहिली. इंद्रजीतची मान हळूहळू वर आली.

"हे बघ पोरी," शेठचा आवाज आता चढला होता, "बिल्ला खोटं बोलत नसतो. जिथं व्हता तिथं जेवढं लागलं, तेवढंच दाखवतो."

"तो कामावर नव्हताच, शेठ. तीन महिने आमच्या घरात होता. भिंतीवर."

रूपाला वाटलं, जिंकले.

"कुठल्या भिंतीवर?" शेठनं विचारलं. आणि लगेच फोन कट झाला.

रूपा हसत वळली आणि हसू तिच्या तोंडावरच थिजलं. वाळूजजवळच्या रांजणगावातल्या भाड्याच्या खोल्या सगळ्या सारख्याच, दोन खोल्यांच्या मधे एका विटेची भिंत. गॅमा लोखंडातून जातात, तिथं ही एक वीट काय अडवणार. खिळ्याच्या खाली कॉटवर तिची धाकटी बहीण दीपमाला भिंतीला डोकं टेकून मोराचं चित्र रंगवत होती. ती रोज तिथंच झोपायची, त्याच बाजूला डोकं करून.

रूपानं तिला चित्रासकट उचललं आणि दारापाशी नेऊन आईच्या मांडीत दिलं.

"पप्पा, मागच्या खोलीत काय आहे?"

इंद्रजीत कॉटकडं बघत होता. बघतच राहिला.

"पेटी," तो म्हणाला. "तीन महिने झाले. शेठला गोडाऊन लांब पडत व्हतं. मीच म्हणलो, आमच्या मागची खोली रिकामीय."