क्षितिजाचं ताट

"क्षितिजा, घाटलं गार होतंय," मीनाक्षीकाकू म्हणाल्या.

"होऊ दे." क्षितिजाने घावनाचा एवढासा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

काकूंचा जीव वरखाली झाला. आजचंच जेवण महत्त्वाचं होतं. ताट स्वच्छ झालं तर डॉक्टर गौतम घरी सोडणार होते, उद्याच्या गौरीपूजनाला. अर्धं राहिलं तर यंदाची गौर हुकली आणि मुक्काम इथेच.

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतलं हे घर जेवणाशी वैर धरलेल्यांसाठी होतं. पेशंट इथेच राहायचे आणि इथेच बरे व्हायचे. पण पायरी चढून आलेल्याला ते कळलंही नसतं. कुणाला गणवेश नाही, कुणाच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नाही. सगळ्यांनी एकाच टेबलावर, एकच जेवण जेवायचं. आधीच्या एका ठिकाणी जेवताना बाई डोक्यावर उभी राहायची, आणि ताटात काही उरलं की सगळ्यांदेखत उद्धार करायची. ते आठवलं की काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसाला असं जेवू घालतात होय?

काकू लालबागच्या. चाळीत कार्य कुणाचंही असो, पंगतीत वाढायला काकूच. त्यांनी आग्रह केला की नको नको म्हणणारासुद्धा दोन जिलब्या जास्त घ्यायचा. त्या स्वतः मागाहून बसतील, असं सगळे धरून चालायचे. इथे आल्या तशा त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या होत्या. पण हे केंद्र चालवणाऱ्या सीमाताईंनी त्यांच्या हातातला डाव हसत हसत काढून घेतला.

"काकू, इथे कुणी कुणाला वाढायचं नाही. बसायचं आणि जेवायचं."

काकूंना अगदी परकं परकं वाटलं. एवढ्या जन्मात असलं घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग समोर ही क्षितिजा येऊन बसली. पंचविशीची, अंगाने काडी, गळ्याची हाडं वर आलेली. तिला बघून काकूंना भरून आलं. हिला खायला घातल्याशिवाय राहायचं नाही, असं त्यांनी मनावर घेतलं.

पण पोरगी वस्ताद निघाली. काकू जेवल्या की जेवायची, काकू थांबल्या की थांबायची.

"तुम्ही खाल्लं तरच मी."

"अगं, माझं काय घेऊन बसलीस?"

"मग राहिलं."

आता करता काय! तिच्या हट्टापायी काकूंनी आमटी ओरपली, नावडतं पडवळ गिळलं, एकदा तर श्रीखंडाची वाटी बोटाने पुसली. क्षितिजानेही पुसली. दोघी इतक्या हसल्या की सीमाताई काय झालं म्हणून धावत आल्या. काकूंना ही पोर पोटच्या लेकीसारखी वाटायला लागली होती.

आजचं घावन-घाटलंही काकूंच्याच सांगण्यावरून केलेलं. गौरीचं म्हणून. आणि नेमकं आजच हिने हात आखडता घेतला होता.

"क्षितिजा, सणाला कुणी इथे राहतं का?"

"नाहीच राहायचं!"

"मग संपव बघू पटकन."

"तुम्ही आधी."

घाटल्यात नारळाचं दूध, गूळ, वर साजूक तूप. काकूंच्या अगदी घशाशी आलं होतं. पण समोरची पोर टक लावून बघत होती, चमचाही उचलत नव्हती.

"बरं बाई, तुझं ते खरं."

काकूंनी डोळे मिटून घास घेतला. क्षितिजाने घेतला. मग आणखी एक. घावन संपलं, वाटीचा तळ दिसला आणि काकूंना आनंदाने रडूच फुटलं. क्षितिजाने टेबलाला वळसा घालून त्यांना घट्ट मिठी मारली. तिचेही डोळे ओले होते.

तेवढ्यात डॉक्टर गौतम आत आले.

"बघा डॉक्टर!" काकूंनी डोळे पुसत क्षितिजाच्या ताटाकडे बोट दाखवलं. "पोरीने कण ठेवला नाही!"

डॉक्टरांनी त्या ताटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते काकूंच्या ताटावर वाकले, वाटी जराशी कलती करून बघितली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"सिस्टर क्षितिजा, काकूंच्या सुनेला फोन लावा," ते म्हणाले. "म्हणावं, पेशंटला न्यायला या."