घरचा फराळ

टोरांटोच्या नोकरीत बढत्या मिळत गेल्या आणि ओजसच्या सहा दिवाळ्या तिकडेच गेल्या. यंदा मात्र त्याने हट्टाने रजा टाकली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, न कळवता, मुलुंडच्या घराची बेल वाजवली.

दार आईनेच उघडलं. तिचे हात पिठाने माखलेले आणि मागे हॉलभर खोके रचलेले.

"अरे, सांगून तरी यायचं! आज मला मान वर करायला फुरसत नाही," असं म्हणत तिने त्याच हातांनी त्याला घट्ट मिठी मारली.

"एवढा फराळ कुणासाठी गं?"

"ऑर्डरी आहेत. तू इथे नाहीस, मग घाणा घालायचा कुणासाठी? म्हणून लोकांसाठी करायला लागले. आता जोरात चाललंय बघ!"

ओजस वरमला. त्याने हळूच एक करंजी उचलली, तर हातावर चापटी बसली. "ठेव! विकलेली आहे ती."

मग तोही बाह्या सरसावून पोळपाटाशी बसला. करंज्यांना मुरड घालता घालता मायलेक इतकं बोलले, की तेवढं सहा वर्षांत फोनवर बोलले नव्हते. संध्याकाळी शेवटचा खोका गेला, पूजा झाली आणि ओजस पाटावर बसत म्हणाला, "आई, आता तरी वाढ आपला फराळ!"

आईने रिकाम्या डब्यांकडे पाहिलं, जीभ चावली आणि शेजारी फोन लावला.

 

"इरावती, सकाळी तुला विकलेल्यातल्या चार करंज्या परत दे गं, माझा लेक दिवाळीला घरी आलाय!"